नायट्याची ट्यूब घेताना आधी घटक वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की त्वचेच्या काळजीवर लेख छापून येतात आणि ‘अंग कोरडे ठेवा, सुती कपडे वापरा’ एवढ्यावर संपतात. ज्याला जांघेत, कमरेला किंवा काखेत नायटा झालेलाच आहे आणि जो मेडिकलमध्ये येऊन हळू आवाजात ‘खाजेची ट्यूब द्या, जरा स्ट्राँग’ म्हणतो, त्याच्या पदरात त्यातून काही पडत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत दिवसभर सेफ्टी शूज घालून उभे राहणारे कामगार, एपीएमसीतले माथाडी, वागळे इस्टेटच्या वर्कशॉपांतली मुले, लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन घरी येणारे नोकरदार, या सगळ्यांच्या उपयोगाचे चार शब्द लिहीत आहे. नायट्यावर लावायचे औषध साधेच असते. पण ते कोणते, किती, कुठवर आणि किती दिवस लावायचे, यात जवळजवळ प्रत्येक पायरीवर गडबड होते.

पहिली गडबड काउंटरवरच होते. बुरशीवर म्हणून ज्या ट्यूब विकल्या जातात, त्यांचे ढोबळ दोन गट पाडता येतात. एका गटात फक्त बुरशीनाशक औषध असते : क्लोट्रिमाझोल १ टक्का, मायकोनाझोल २ टक्के, किटोकोनाझोल २ टक्के, ल्युलिकोनाझोल १ टक्का, सर्टाकोनाझोल २ टक्के, टर्बिनाफिन १ टक्का. दुसऱ्या गटात यांपैकी एखाद्या औषधाबरोबर स्टिरॉइड आणि एखाद-दुसरे अँटिबायोटिक कोंबलेले असते. तीन-चार औषधे एका ट्यूबमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटते पैसे वसूल. नायट्यासाठी ही दुसऱ्या गटातली ट्यूब घेऊ नये, इतके स्पष्टच सांगतो.

ट्यूबवर मागे बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून वाचावेत, त्यात लाज नाही. नावाच्या शेवटावरून बराच अंदाज येतो. ‘-कोनाझोल’वर संपणारी नावे बुरशीनाशकांची, ‘-सोन’वर संपणारी स्टिरॉइडची (बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन). फसवते ते क्लोबेटासॉल. कानाला ते क्लोट्रिमाझोलचे भावंड वाटते, प्रत्यक्षात ते सर्वांत जहाल गटातले स्टिरॉइड आहे. हॅलोबेटासॉलही तसेच. ऑर्निडाझोल, निओमायसिन, जेंटामायसिन, ओफ्लोक्सॅसिन यांचा नायट्याच्या बुरशीवर काडीचा परिणाम होत नाही. ती जंतूंवरची औषधे आहेत. आणखी एक सावधगिरी म्हणजे ओळखीच्या ब्रँडच्या नावापुढे लागलेली दोन-तीन इंग्रजी अक्षरांची शेपटी. मूळ नावाच्या ट्यूबमध्ये नुसते बुरशीनाशक असते आणि शेपटीवालीत स्टिरॉइड मिसळलेले, असे अनेकदा असते. ‘मागच्या वेळची तीच द्या’ म्हणून नावावर भरवसा ठेवला की इथेच चूक होते.

स्टिरॉइडने नेमके काय होते? नायट्याची खाज, लाली, आग ही बुरशीपेक्षा आपल्या शरीराने तिच्याविरुद्ध केलेल्या प्रतिकाराची लक्षणे असतात. स्टिरॉइड हा प्रतिकार दाबते. दोन-तीन दिवसांत खाज बंद, लाली गायब. माणूस खूश होतो, ट्यूब बंद करतो. बुरशी मात्र जिवंत असते आणि आता तिला अडवणारे कोणी उरलेले नसते. आठवड्याभरात चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन येतो, पुन्हा तीच ट्यूब, पुन्हा तोच आराम. असे तीन-चार महिने चालले की चट्ट्याची गोल, उठावदार कड पुसली जाते, वर्तुळात वर्तुळे दिसू लागतात आणि डॉक्टरलाही नुसत्या नजरेने निदान करणे जड जाते. जांघेची कातडी पातळ, घड्यांची आणि सतत ओलसर. तिथे औषध हाताच्या कातडीपेक्षा कित्येक पटींनी जास्त शोषले जाते. म्हणून तिथे आधी कातडी पातळ होते आणि मग लालसर, नंतर पांढुरक्या होणाऱ्या रेघा उमटतात. या रेघा पुढे कशानेही पूर्ण जात नाहीत. चेहऱ्यावर लावले तर कायमची लाली, पुटकुळ्या आणि लव वाढते; डोळ्यांभोवती बराच काळ लावत राहिले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. तान्ह्या मुलाच्या लंगोटाच्या जागी असे मलम लावणे तर फारच वाईट, कारण लंगोटाखाली झाकले गेल्यामुळे ते अंगात खूप मुरते.

कायदा याबाबत गप्प नाही. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडांच्या त्वचेवर लावायच्या औषधांना असलेली सूट काढून घेतली आणि ती शेड्यूल एचमध्ये आणली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ ठरावीक मिश्रणांवर बंदी आली, त्यांत त्वचेवर लावायची काही मिश्रणेही होती. तरी घटकांत थोडा फेरफार केलेली मिश्रणे बाजारात आहेतच आणि चिठ्ठी न विचारता हातात ठेवली जातात. याचा दोष फक्त गिऱ्हाइकावर टाकता येणार नाही. आम्हा औषधविक्रेत्यांनी तो आधी स्वतःकडे घ्यायला हवा. स्टिरॉइडचे मिश्रण दिले की गिऱ्हाईक चौथ्या दिवशी ‘गुण आला’ म्हणून सांगते आणि नुसते क्लोट्रिमाझोल दिले की ‘तुमच्या औषधात दम नाही’ म्हणते. धंद्यात ही ओढ खरी आहे. पण शेड्यूल एचची चौकट ती ओढ रोखण्यासाठीच आखलेली आहे.

आता समजा, योग्य ट्यूब मिळाली. पुढचा घोळ प्रमाणाचा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत क्रीमची एक सरळ रेघ काढली की मोठ्या माणसाच्या हातावर साधारण अर्धा ग्रॅम क्रीम येते (ट्यूबचे तोंड ५ मिलिमीटरचे धरून, बायकांच्या बोटावर थोडे कमी). एवढे क्रीम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. यावरून हिशोब मांडावा. दोन्ही जांघांत मिळून दोन तळहात भरेल इतकी जागा असेल, तर एका वेळेला अर्धा ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे एक ग्रॅम, चार आठवड्यांना २८ ग्रॅम. दुकानातून नेली जाते १० ग्रॅमची एक ट्यूब. ती दहा दिवसांत संपायला हवी. जी महिनाभर पुरते, ती पुरेशी लावलीच जात नाही. कमरेभोवती पट्टा झाला असेल आणि जागा चार तळहातांची असेल, तर महिन्याला ५५-६० ग्रॅम लागेल. इतका पसारा झाला असेल तर नुसत्या क्रीमवर भागत नाही, पोटात घ्यायची गोळी लागते आणि ती डॉक्टरनेच ठरवायची. उलट टोकही असते : जाड थर दिला की लवकर बरे होईल या समजुतीने लोणी फासल्यासारखे क्रीम फासतात. जास्तीचे क्रीम चड्डीला पुसले जाते आणि घडीत ओल धरून कातडी आणखी मऊ पडते. लावल्यावर दिसेनासे होईल इतकेच पातळ हवे.

लावायची जागा हाही असाच मुद्दा. नायटा मधून बरा झाल्यासारखा दिसतो आणि कडेने पसरतो, कारण जिवंत बुरशी कडेला असते आणि नजरेला निरोगी दिसणाऱ्या कडेबाहेरच्या कातडीतही थोडी पुढे गेलेली असते. लोक मात्र जिथे लाल दिसते तेवढेच माखतात. कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी जास्त जागा धरून बाहेरून आत असे क्रीम लावत यावे. आतून बाहेर चोळले तर बुरशीच्या खपल्या आपणच पुढे ढकलतो.

आता क्रम. आंघोळीत साधा साबण पुरे. घासणी, दगड, काथ्या यांनी रगडू नये, रगडलेल्या कातडीत बुरशी सहज शिरते आणि क्रीमने आगही होते. त्या जागेसाठी टॉवेल वेगळा ठेवावा, टिपून कोरडे करावे आणि पंख्याखाली पाच-दहा मिनिटे थांबावे. ओल्या कातडीवर क्रीम लावणे ही या हवेत सर्वांत जास्त होणारी चूक आहे. मग क्रीम लावावे, मुरू द्यावे, हात साबणाने धुवावेत आणि त्यानंतर कपडे. पायाला चिखल्या आणि जांघेत नायटा असे दोन्ही असेल तर आधी मोजे घालावेत, मग चड्डी. नाहीतर पायाची बुरशी चड्डीच्या कडेवर बसून वर जाते. क्लोट्रिमाझोल दिवसातून दोन ते तीनदा, ल्युलिकोनाझोल एकदा, टर्बिनाफिन एकदा किंवा दोनदा लावतात. चिठ्ठीवर असेल ते पाळावे. रात्रपाळी करणाऱ्यांनी वेळा घड्याळाशी न बांधता आंघोळीशी बांधल्या तर चुकत नाहीत.

किती दिवस, यावर सगळे अडते. खाज पहिल्या आठवड्यात कमी होते, चट्टा त्यानंतर मावळतो आणि कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात अडकलेली बुरशी त्याहूनही मागे राहते. तो थर झडून नवा यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ सांगतात की चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे क्रीम चालू ठेवा. एकूण हिशोब चार ते सहा आठवड्यांवर जातो. बरे झाल्यावर तिथे काळपट डाग राहतो, तो काही महिन्यांनी आपोआप फिका पडतो. त्या डागाला नायटा समजून क्रीम चोळत बसायची गरज नाही. खाज, खपली आणि उठावदार कड नसेल तर तो नुसता डाग आहे.

दोन-तीन आठवडे नीट लावूनही फरक नसेल तर ट्यूब बदलत बसू नये. भारतात गेल्या दशकात नायट्याची बुरशीच बदलली आहे. ट्रायकोफायटन इंडोटिनिई असे २०२० मध्ये नाव मिळालेली एक जात इथे मोठ्या प्रमाणावर पसरली आहे आणि तिच्यातल्या बऱ्याच बुरशीवर टर्बिनाफिन चालत नाही. ते औषध ज्या एन्झाइमला धरून बुरशी मारते, त्यातच जनुकीय बदल झालेला असतो. म्हणून दर दहा दिवसांनी नवे क्रीम आजमावण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून केओएच तपासणी करून घ्यावी. ही सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी झटपट होते, सुई टोचावी लागत नाही. मात्र क्रीम लावून गेले की खोटी ‘नाही’ येऊ शकते, तेव्हा किती दिवस आधी बंद करायचे ते डॉक्टरला विचारून घ्यावे. खासगी तज्ज्ञाची फी परवडत नसेल तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ते मेडिकल कॉलेजला जोडलेले आहे.

काही जागी क्रीम कामाचेच नसते, आणि तरीही हे मी रोज विकले जाताना पाहतो. लहान मुलाच्या डोक्यात केस तुटून गोल टक्कल पडले, वर कोंडा आला, तर बुरशी केसाच्या मुळात असते. तिथे तोंडावाटे औषध लागते. पिवळे, जाड, भुसभुशीत झालेल्या नखात क्रीम उतरत नाही. नखाला अमोरोल्फिन ५ टक्के लॅकर (नेलपॉलिशसारखे लावायचे औषध) आठवड्यातून एक-दोनदा, नख कानशीने घासून, पुसून मग लावतात आणि हाताच्या नखाला सहा महिने, पायाच्या नखाला नऊ ते बारा महिने धीर धरावा लागतो. ती कानस चांगल्या नखांना वापरू नये. छाती-पाठीवरची शिबे वेगळ्याच बुरशीची असतात. त्यांच्यावर किटोकोनाझोल २ टक्के शाम्पू अंगाला लावून पाच मिनिटांनी धुतात, पाच दिवस. नंतरही पांढरे ठिपके महिनोन्‌महिने दिसतात, म्हणून औषध फुकट गेले असे समजू नये.

आणि ही गोष्ट ठळक टाइपात छापलीत तर उपकार होतील : जो फिकट किंवा तांबूस चट्टा खाजत नाही आणि जिथे टोचले, गरम लागले तरी कळत नाही, त्यावर कोणतेही मलम लावू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी आरोग्य केंद्रात त्याचे निदान आणि औषधे मोफत आहेत. लवकर सुरुवात झाली तर नसांचे नुकसान टळते.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. ठेचलेली लसूण बांधल्याने कातडी भाजून फोड येतात. लिंबू चोळून उन्हात गेले की काळे चट्टे पडतात. रॉकेल, चुना, न पातळ केलेले जंतुनाशक यांविषयी न बोललेलेच बरे. लहान डबीतल्या झोंबणाऱ्या मलमांत बहुतेकदा सॅलिसिलिक ॲसिड असते. ते मेलेली कातडी सोलते, टाचेच्या जाड कातडीवर त्याला जागा आहे, जांघेत, चेहऱ्यावर आणि लहान मुलांना नाही. झोंबते म्हणजे काम करते, ही समजूत कुठून आली कोण जाणे. बुरशीनाशक पावडर बरे झाल्यावर घड्यांत आणि बुटांत घालायला चांगली. चट्टा तिने बरा होत नाही.

औषध बरोबर आणि कपडे तेच, तर सगळे पाण्यात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये फ्लॅटच्या ग्रिलवर चड्ड्या दोन-दोन दिवस ओलसरच राहतात आणि तशाच चढवल्या जातात. आजारी माणसाचे कपडे, टॉवेल, चादर वेगळे, ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवावेत, उलटे करून वाळवावेत, ऊन नसेल तर शिवणीवर आणि इलॅस्टिकवर गरम इस्त्री फिरवावी. कमरेचा काळा करगोटा हे बुरशीचे कायमचे बिऱ्हाड असते. कमरेला नायटा असेल तर तो काढावा. श्रद्धेमुळे काढवत नसेल तर निदान बदलावा आणि रोज सुकवावा. पट्टा घट्ट बांधू नये. बूट दोन जोड असतील तर एक दिवसाआड घालावेत, ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. घरात आणखी कोणी खाजवत असेल तर त्याचेही उपचार त्याच वेळी, पण त्याची ट्यूब वेगळी. चिखल्या बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामध्ये असतात. तिथे बेचक्यात टिपून कोरडे करून क्रीम लावावे. मधुमेह असणाऱ्याच्या पायाला घाण वास, पू, वर चढणारी लाली किंवा ताप आला तर क्रीम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

क्रीमने पहिल्या दिवशी किंचित चुरचुरणे चालते. लावल्यावर दरवेळी आग वाढणे, पाणी सुटणे, लाली चट्ट्याबाहेर पसरणे ही ॲलर्जी आहे. धुऊन टाकावे आणि थांबवावे. त्वचेचे क्रीम डोळ्यांत, तोंडात, योनीमार्गात वापरू नये. त्यासाठी वेगळी औषधे असतात. योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोल गोळीने निरोध कमकुवत होतो, हे त्या गोळीबरोबर क्वचितच सांगितले जाते. वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी तोंडात लावायची मायकोनाझोल जेल डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ट्यूब घेताना ते दुकानात सांगावे.

ज्यांनी स्टिरॉइडचे मिश्रण बरेच महिने लावले आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. ते बंद केल्यावर काही दिवस खाज आणि लाली उसळते. घाबरून पुन्हा तीच ट्यूब हातात घेऊ नका. मोठ्या जागेवर बराच काळ वापर झाला असेल तर मात्र परस्पर बंद न करता डॉक्टरला सांगून बंद करा.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या आरोग्य विभागांनी मेडिकल दुकानांत लावायला एक मराठी फलक काढावा, त्यावर ट्यूबमध्ये नसावीत अशा स्टिरॉइडांची नावे मोठ्या अक्षरांत असावीत, अशी माझी मागणी आहे. आमच्या व्यवसायातील मंडळींनी क्रीम देताना चिठ्ठी पाहावी, बिल द्यावे आणि बोटाच्या पेराचे माप दाखवावे. त्याला अर्धा मिनिट लागतो. औषधाने अपाय झाला तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णालाही स्वतः तक्रार नोंदवता येते. तिथे ट्यूबवरचा बॅच नंबर उपयोगी पडतो, म्हणून संपलेली ट्यूब आणि तिचे बिल उपचार पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावे.

आपला,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट, कोपरखैरणे, नवी मुंबई